चिपळूणकर फर्ग्युसनचे प्राचार्य नव्हते

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या जुन्या शिक्षकांना आदरांजली वाहणारा एक मेसेज सध्या फिरतो आहे. त्यात म्हटलंय, की विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी 1880 साली शाळा काढली आणि पुढे विष्णुशास्त्रीच फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले.

तारखा लावून पाहिल्या तर हे जुळत नाही. विष्णुशास्त्री 17 मार्च 1882 रोजी गेले, वयाच्या अवघ्या 31व्या वर्षी. फर्ग्युसन सुरू झालं 1885मध्ये. पहिले प्राचार्य होते वामन शिवराम आपटे, संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते. तेही याच शाळेत शिकवत. 1892 साली ते वारले आणि आगरकर त्या जागी आले. आगरकरांनाही पुढे तीनच वर्षं मिळाली. आपटे काय, आगरकर काय, दोघांनीही चाळिशी पाहिली नाही.

शाळा काढणाऱ्यांत विष्णुशास्त्री आणि टिळकांबरोबर माधवराव नामजोशी होते. त्यांचं नाव मेसेजमधून पार गळलंय, याचं जास्त वाईट वाटतं. आगरकर एम.ए. करून, शाळा निघाल्यावर वर्षभराने, 1881मध्ये रुजू झाले.

मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. पण तो आहे तसा पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल, तर त्याखाली ही दुरुस्ती जोडा.