दंड किती झाला ते सोडा, कमाल शिक्षा किती ते विचारा

"दंडाचे हजार डॉलर भरले, विषय संपला." कॅनडात पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) राहणाऱ्या आपल्या मंडळींचं हे लाडकं वाक्य. विषय बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

कॅनडात नुसता आरोप ठेवला म्हणून पीआर जात नाही. दोषी ठरलात की इमिग्रेशन कायद्याचं कलम ३६ लागतं. ते बघतं दोनच गोष्टी: त्या गुन्ह्याला कायद्यात कमाल १० वर्षं किंवा जास्त कैद आहे का, नाहीतर प्रत्यक्षात ६ महिन्यांहून जास्त कैद झाली का. पहिल्यात बसलात, तर एक दिवसही आत न जाता तुम्ही 'गंभीर गुन्हेगार'.

दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १८ डिसेंबर २०१८ पासून ५ वरून १० वर्षं झाली. सरकारी वकिलाने केस समरी (किरकोळ गुन्ह्याच्या) पद्धतीने चालवली तरी इमिग्रेशन ती इंडायटेबलच (गंभीर गुन्ह्याचीच) धरतं. किमान दंड ठरलेला असल्याने कोर्ट डिस्चार्जही (गुन्हा सिद्ध होऊनही दोषसिद्धी न नोंदवता सोडणं) देऊ शकत नाही. मशीनमध्ये फुंकायला नकार देऊन सुटू, असं समजू नका: कमाल शिक्षा तीच, वर किमान दंड २,००० डॉलर.

घरातल्या भांडणाचंही तसंच. साध्या मारहाणीला कमाल ५ वर्षं, पण मोबाइल फेकून मारलात तर 'शस्त्राने हल्ला' लागू शकतो, म्हणजे १० वर्षं. इथे निदान पीस बाँड (नीट वागण्याची कोर्टाला दिलेली हमी) किंवा डिस्चार्जसाठी भांडता येतं. दोन्ही दोषसिद्धीत मोजत नाहीत.

दोषी ठरल्यावर पुढे सीबीएसएचा (कॅनडाच्या सीमा सेवा खात्याचा) अधिकारी कलम ४४ चा, म्हणजे तुम्ही देशात राहायला अपात्र असल्याचा, अहवाल करतो. त्याआधी साधारणपणे खुलासा मागणारं पत्र येतं. ते कचऱ्यात टाकणं ही सगळ्यात महागडी चूक. नोकरी, मुलं, व्यसनमुक्तीचे उपचार, सगळे कागद तिथेच लावा, कारण पुढच्या सुनावणीत दयामाया दाखवायचा अधिकार निर्णय देणाऱ्या इमिग्रेशन मंडळाच्या सदस्याला जवळजवळ नसतोच. हद्दपारीचा आदेश निघाला तर अपिलाला ३० दिवस. पण कैद ६ महिने किंवा जास्त असेल तर ते अपीलही नाही! म्हणून वकील एकेका दिवसासाठी भांडतात. २०१३ च्या फाम खटल्यात सुप्रीम कोर्टाने २ वर्षांची शिक्षा एका दिवसाने कमी केली ती याचसाठी. तेव्हा मर्यादा २ वर्षांची होती.

माझं मत स्पष्ट आहे: फौजदारी वकील कितीही चांगला असो, इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका. 'मला परिणाम माहीत नव्हता' म्हणून कबुली मागे घ्यायला वाँग नावाचा एक पीआरधारक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१८ मध्ये तो हरला.