हूडचा रंग आणि 40 रुपयांची पुडी

वाशीच्या एका वाचकांनी जुन्या गाडीचं विटलेलं हूड, म्हणजे घडी होणारं कापडी छप्पर, हूडच्या खास रंगाने रंगवण्याच्या माझ्या लेखावर फोटोसकट प्रतिक्रिया दिलीय: “40 रुपयांच्या पुडीतल्या कपड्याच्या रंगाने हेच काम होतं, बाकी सगळा धंदा. तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन तासांनी दुसरा हात दिला, तर चिकट राहिला, ठिपके पडले. आणि उन्हाने गेलेलं कापड रंगवणं म्हणजे मढ्याला पावडर.”

साहेब, शंका शंभर विचारा. पण ‘धंदा’ कशाला? मी रंग विकत नाही. ठाण्यात 22 वर्षं हुडं शिवतोय. रंगवण्यापेक्षा नवं शिवण्यात मला जास्त पैसे सुटतात. बोलण्याआधी एवढा तरी हिशेब करायचा!

दोन तास कमी पडले, मान्य. ती वेळ कोरड्या हवेची. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत दोन हातांमध्ये अख्खी रात्र जाऊ द्या, आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका. झालं समाधान?

आता पुडी. तो रंग गरम पाण्यात मीठ घालून, कापड बुडवून चढतो. हूड सांगाड्यावर ताणून बसवलेलं. ते कुठल्या पातेल्यात बुडवणार? ब्रशने गार रंग फासलात तर तो धाग्यावर नुसता बसतो आणि पहिल्या सरीला ओघळून दरवाजाच्या पत्र्यावर उतरतो. त्यातून वरचं कापड ॲक्रिलिकचं असेल तर सुती कपड्याचा रंग ते धरतच नाही.

हूडच्या खास रंगात रंगद्रव्यासोबत बाईंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ, असतो. पाणी उडालं की तो धाग्याला धरून सुकतो. म्हणून हात दोन द्यायचे, दोन्ही पातळ. दोन सीटच्या गाडीला अर्धा लिटर पुरतो. एकच जाड हात दिलात तर घडीवर तडकतो. उद्या कुणी पुडी थिनरमध्ये कालवायला सांगेल. तेही नको. हूडच्या दोन कापडांच्या मधे रबराचा थर असतो, पाणी तोच अडवतो. थिनर किंवा पेट्रोल लागलं की रबर फुगतं आणि कापड त्याच्यापासून सुटतं.

ठिपके का पडले? आधी कधीतरी सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असणार. धुऊन वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर रंग धरणार नाही. सौम्य साबण, मऊ ब्रश, पुन्हा धुवा. प्रेशर वॉशर नको. ब्लीच तर नकोच, शिवणीचा दोरा खातं.

मढ्याचं म्हणाल, तर कडेचा धागा नखाने ओढून तुटला की रंगवू नका, नवं शिवा, हे लेखात होतं. शेवटपर्यंत वाचायचं होतं.

आणि हो, फोटोत मागच्या प्लास्टिकच्या खिडकीवर रंगाचे शिंतोडे दिसतायत. मास्किंग टेप लावायची राहिली ना? थिनरने पुसू नका, खिडकी पांढरी पडेल. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेलं सुती फडकं त्यावर ठेवा, आणि जरा दम धरा.