मम्मी म्हणजे प्रेत? आणि मावशी म्हणजे?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘मुलांना मम्मी म्हणायला शिकवू नका, मम्मी म्हणजे इजिप्तमधलं प्रेत. आई म्हणजे आत्मा आणि ईश्वर. जगातले मदर, मादर, मा सगळे आपल्या मातृवरूनच निघाले.’ यंदा तो मावशीने टाकला.

आधी प्रेत. फारसीत मूम म्हणजे मेण. हिंदीतल्या मोमबत्तीतला मोम तोच. त्यावरून अरबीत मूमिया, म्हणजे औषधात वापरायचा डांबरासारखा काळा पदार्थ. इजिप्तच्या प्रेतांवरची काळी पडलेली राळ तशीच दिसे, म्हणून नाव प्रेतांना चिकटलं. पुढे युरोपात प्रेतांचीच पूड औषध म्हणून विकली जायची, अगदी दुकानात! आईच्या मम्मीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. निरांजनातली वात आणि गुडघ्यात शिरलेला वात जेवढे नातेवाईक, तेवढेच हे दोन शब्द.

आईची मम्मी बाळाच्या तोंडातली. दूध ओढताना ओठ मिटलेले, आवाज नाकातून, म्हणजे ‘म’च निघणार. आपल्याकडे बाळ ‘मंमं’ म्हणतं ते जेवणाला. चिनी बाळाच्या ‘मा’ला म्हणूनच संस्कृतची गरज पडत नाही. आणि ‘म’ सगळीकडे आईचाच, असंही नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि आई ‘देदा’. आपला मामा तर आईचा भाऊ. जपानीत आई ‘हाहा’, आणि हा शब्द जुन्या ‘पापा’पासून आलाय!

इंग्रजी मदर, फारसी मादर आणि संस्कृत मातृ यांचं नातं मात्र खरं आहे, फक्त मेसेजमध्ये बहिणीला आई केलंय. ब्रिटिश न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळातून आल्या आणि ते मूळ बहुधा आज शिल्लक नाही.

आत्मा अधिक ईश्वर हे सुविचाराच्या फळ्यावर शोभेल. पण त्याच हिशेबाने ‘ताई’मधला ‘ता’ कुणाचा, ताकाचा?

मातृचा मराठीतला एक खरा वारस हवा असेल तर तो मावशी. मातृष्वसा, म्हणजे आईची बहीण. प्राकृतात माउस्सिआ, मग मावशी. हे सगळं मी ग्रुपवर न टाकता मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘असं होय? मग तुझ्या पोरीला सांग, मला आँटी म्हणू नकोस.’