अडवा, पण अडकवू नका

गोव्यात साखळी शहराजवळच्या आमच्या गावी यंदाच्या पावसाळ्यात आतेभावाच्या कुत्र्याला कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, घोणस चावली. कुत्रा वाचला, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना कोणाचा जीव टांगणीला नको. मात्र त्या रात्रीवरून घरात जो वाद पेटला तो अजून विझायचं नाव घेत नाही, आणि मी इथे इंग्लंडात, स्विंडनला बसून दोन्हीकडची बोलणी खातोय.

झालं असं. रात्री दहानंतर जवळपासचा एकही जनावरांचा दोतोर फोन उचलेना. म्हापशाला एक खासगी दोतोर रात्रीचेही बघतात असं कोणीतरी सांगितलं आणि हे दोघे निघाले. वहिनी पुढच्या सीटवर, पट्टा न लावता, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कुत्रा. आतेभाऊ एका हाताने स्टेअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने दोतोराला फोन लावतोय. डिचोली सोडल्यावर गाडी अशी सुटली की वहिनी नंतर म्हणाली, "मला कुत्र्यापेक्षा आमचीच काळजी लागली होती." पुढे एका वळणावर पोलिसांनी अडवलं. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. पीयूसी नेमकी संपलेली. तरुण पोलिसाने तालांव, म्हणजे दंडाचं चलन, द्यायला घेतलं आणि एकेक कागद उलटून-पालटून बघत बसला. तोवर कुत्र्याचा पाय सुजून टम्म झालेला. दहा-पंधरा मिनिटांनी जीपमधून एक वयस्क हवालदार उतरले, आत बॅटरी मारली आणि त्या पोराला म्हणाले, "मागीर बघूया रे तें," म्हणजे ते नंतर बघू. मग त्यांनी वहिनीला कुत्र्यासकट मागच्या सीटवर बसवलं, फोन तिच्या हातात द्यायला लावला, गाडीचा नंबर लिहून घेतला आणि आतेभावाला बजावलं, सावकाश जा, दंड उद्या येऊन भर.

आतेभावाचं म्हणणं, ती पंधरा मिनिटं म्हणजे निव्वळ निर्दयपणा. पोलिसांनी उलट पुढे जीप घालून वाट करून द्यायला हवी होती. मामांनी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसवर आयुष्य काढलं आहे. ते म्हणतात, कुत्र्यासाठी चार माणसं मारायला निघालेल्याचं लायसनच काढून घ्यायला हवं होतं. घरातली अर्धी माणसं इकडे, अर्धी तिकडे.

माझं मत दोघांनाही रुचलेलं नाही. पोलिसांनी गाडी अडवली हे शंभर टक्के बरोबर. अडवून ठेवली हे चूक. घाबरलेला, फोनवर बोलणारा, शेजारी पट्टा नसलेली बायको आणि वेदनेने तडफडणारं जनावर घेऊन अंधारात पळणारा ड्रायव्हर थांबवायचा नाही, तर कोणाला थांबवायचं? पण एकदा थांबवल्यावर काम दोन मिनिटांचं असतं, आणि ते हवालदारांनी केलं: धोका होता तो काढून टाकला, गाडी सोडली. कागद कुठे पळून जात नव्हते.

वेगाचा हिशोबही एकदा मांडू. आमच्या गावाहून म्हापसा पंचवीसेक किलोमीटर. ताशी ५० ने गेलात तर अर्धा तास, ७० ने गेलात तर साडेएकवीस मिनिटं. म्हणजे साडेआठ मिनिटं वाचली, तीही कागदावर. त्या वाटेवरची वळणं, गतिरोधक, रस्त्यात बसलेली गुरं आणि पावसातले खड्डे धरले तर हाती तीन-चार मिनिटं लागतील. इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या सरकारी नियमपुस्तकात, ताशी ३० मैलांच्या वेगाला गाडी थांबायला २३ मीटर लागतात असं दिलंय, ४० मैलांना ३६. तेही कोरड्या रस्त्यावर, दोन्ही हात स्टेअरिंगवर असताना. मी व्हॅन चालवून पोट भरतो, हे आकडे मला पाठ आहेत.

आतेभावाला वाटतं, विलायतेत कुत्र्या-मांजरांचे एवढे लाड, तिथे पोलीस नक्कीच सलाम ठोकून सोडत असतील. अजिबात नाही. इथे वेगमर्यादेतून सूट आहे ती अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या कामावरच्या गाड्यांना, १९८४ च्या कायद्याने. जनावरांच्या डॉक्टरलाही ती नाही, मालकाची तर गोष्टच सोडा. माणसांच्या डॉक्टरला तातडीच्या वेळी गाडीवर हिरवा दिवा लावता येतो, पण त्या दिव्याने सुद्धा वेग वाढवायची मुभा मिळत नाही. लोकांनी समजून वाट दिली तर दिली. गंमत म्हणजे याच देशात गाडीखाली कुत्रा सापडला तर थांबून माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. घोडा, गाय, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर आणि बकरी यांनाही तोच नियम. मांजर त्या यादीत नाही. विलायतेची भूतदया ही अशी यादीवार आहे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या बोक्याची लघवी अडली. बोक्यांच्या बाबतीत हे दुखणं एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतं. रात्री त्याने नेहमीच्या दवाखान्याला फोन केला, तर रेकॉर्ड केलेल्या आवाजाने रात्रीच्या केंद्राचा नंबर दिला. तिथल्या नर्सने सांगितलं, पिंजऱ्यात ठेव, खायला काही देऊ नकोस, शांतपणे ये, आम्ही तयारी करून ठेवतो. तरीही हा पठ्ठ्या ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३७ ने गेला आणि कॅमेऱ्याने टिपला. पुढे नोटीस आली. त्याने बोक्याची सगळी कथा लिहून पाठवली. उत्तर फार सभ्य होतं: बोका बरा असेल अशी आशा, मात्र वेगाबद्दलचा वर्ग करावा लागेल, नाहीतर दंड आणि लायसनवर तीन पॉइंट. त्याने निमूट पैसे भरून वर्ग केला. बोक्याचं त्या रात्रीचं बिल मात्र जवळजवळ आठवड्याच्या पगाराएवढं झालं, त्याबद्दल तो अजून चडफडतो. इथल्या पशुवैद्यकीय सेवेच्या किमतींची चौकशी सरकारच्या स्पर्धा नियामकाने २०२४ मध्ये हाती घेतली ती उगाच नव्हे.

आता घरच्या कायद्याकडे या. भाचा म्हापशाच्या कोर्टात वकिली करतो, त्याने मला भारतीय न्याय संहितेचं कलम १९ पाठवलं. माणसाची किंवा मालमत्तेची दुसरी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, प्रामाणिकपणे केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही, असं ते कलम सांगतं. कुत्रा कायद्याच्या लेखी मालमत्ताच, त्यामुळे आतेभावाच्या आशा पालवल्या. पण त्याच कलमात पुढे आहे की टाळायची हानी एवढी मोठी आणि एवढी जवळ होती का, की ती जोखीम घेणं क्षम्य ठरावं, हे त्या-त्या प्रकरणात बघायचं. एका कुत्र्यासाठी रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचा जीव पणाला लावणं त्यात बसवून दाखवा, असं भाच्याने वर लिहिलंय.

मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२२ चा एक निकालही त्याने पाठवला. गोवाही त्याच न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. मुंबईत खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली रस्त्यावरचा कुत्रा आला आणि मेला. पोलिसांनी त्या मुलावर बेदरकार वाहन चालवून माणसांचा जीव धोक्यात घालण्याची कलमं लावली. न्यायालयाने गुन्हा रद्द केला: मालकांना कुत्रा-मांजर मुलासारखं वाटत असेल, पण ही कलमं माणसांसाठी आहेत. वर सरकारने त्या मुलाला वीस हजार रुपये द्यावेत आणि ते संबंधित अधिकाऱ्यांकडून वसूल करावेत, असाही आदेश दिला. प्राणिप्रेमींना हा निकाल बोचला होता. मला तो त्या वेळीही योग्य वाटला, आजही वाटतो. कुत्र्याच्या जिवाला किंमत नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. जनावराला हेतुपुरस्सर मारणं-लंगडं करणं यासाठी वेगळं कलम आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्याच्या कायद्याचं माप मात्र माणूस आहे.

आणि गोव्यात ते तसंच राहायला हवं. एवढ्याशा राज्यात साधारणपणे वर्षाला अडीचशेच्या वर माणसं रस्त्यावर मरतात, त्यातली बहुतेक दुचाकीवरची. ६ ऑगस्ट २०२३ ला बाणस्तारीच्या पुलावर एका मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला. तेव्हापासून भरधाव गाडी म्हटली की लोकांचं डोकं तापतं, आणि ते तापायलाच हवं. अशा ठिकाणी "माझा कुत्रा आजारी आहे" हा परवाना ठरला, तर उद्या मागच्या सीटवर कुत्र्याचा पट्टा ठेवून फिरणारे निघतील. आपली माणसं मी ओळखतो.

माणुसकीच्या गोष्टीत मला दुसरंच एक खटकतं. इथे कॅमेरा कोणाचा चेहरा बघत नाही. दया दाखवायचीच तर ती नंतर, टेबलावर, लेखी. आपल्याकडे दया रस्त्यावरच वाटली जाते, आणि वाटणारा माणूस गाडी बघतो, आडनाव बघतो, फोनवर कोण आहे ते बघतो. लॅब्राडोर घेऊन चकचकीत गाडीतून जाणाऱ्याला "जा, जा, लवकर जा" ऐकू येतं. पोत्यात गावठी कुत्रं घालून स्कूटरवरून निघालेल्या पोराला हेल्मेट विचारलं जातं. आतेभावाचं नशीब की ते हवालदार भेटले. पण पोलिसांची करुणा नशिबावर सोडायची गोष्ट नाही. गाडी थांबली, जनावर खरोखरच अत्यवस्थ दिसलं, की फोटो काढा, नंबर घ्या, दोन मिनिटांत सोडा, तालांव मागाहून, असा लेखी आदेश वरून निघू शकतो. त्याला विधानसभा लागत नाही.

एवढ्याने मामांचं समाधान झालं असतं, माझं होत नाही. आतेभाऊ पळाला तो वेगाच्या हौसेने नाही. दहाच्या पुढे फोन उचलणारं कोणी नव्हतं म्हणून पळाला. इथे प्रत्येक पशुवैद्याला चोवीस तास प्रथमोपचार आणि वेदनाशमनाची काहीतरी सोय करणं त्यांच्या रॉयल कॉलेज या नियामक संस्थेच्या आचारसंहितेनेच भाग आहे. स्वतः करा नाहीतर शेजारच्याशी ठरवून ठेवा. आमचं स्विंडन ज्या विल्टशर परगण्यात येतं तो आणि आपला गोवा आकाराने जवळपास सारखेच. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात म्हापसा, फोंडा, मडगाव अशा तीन ठिकाणी रात्रीचा एकेक दोतोर आणि सर्पदंशाचं औषध ठेवणं हे काही चंद्रावर जाणं नव्हे. जिथे कुत्र्यांना लस टोचून-टोचून माणसांचं रेबीजने मरणं जवळपास संपवलं गेलं, त्या गोव्याला हे जमणार नाही असं मी मानत नाही.

आणि फक्त कुत्र्या-मांजरांचंच बोलायला नको. सत्तरी तालुक्यातल्या गवळ्याची म्हैस विताना अडली किंवा तिला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर तिला पुढच्या सीटवर बसवून म्हापशाला नेता येत नाही. तिचं दूध गेलं की घराची चूल गेली. तिच्याकडे दोतोरालाच जावं लागतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी देशभर १९६२ हा टोल-फ्री नंबर ठरवलेला आहे. तो रात्रीही उचलला जावा आणि पलीकडून निदान "काय करू नका" एवढं सांगणारा माणूस असावा, ही मागणी पोलिसांच्या दयेपेक्षा मोठी आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडायला मामा तयार झालेत. मसुदा मी इथून लिहून पाठवतोय. आतेभावाने त्यात पोलीस जीपची वाटाडी सेवा घालायचा हट्ट धरला होता, ती ओळ मी काढून टाकली आहे.