नम्रतेत पहिला नंबर

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, तुमचा विषय निघाला की लोक काय म्हणतात? ‘देवभीरू आहेत’ म्हणत असतील, ‘दानाला हात सैल आहे’ म्हणत असतील. पण ‘काय नम्र माणूस आहे हो!’ असं कुणी म्हणतं का? नसेल म्हणत, तर तुमचं कुठंतरी चुकतंय. देवभीरूपण आत असतं, बाहेर दिसत नाही. दान फार तर खजिनदाराला कळतं. नम्रता मात्र फाटकातून आत येतानाच दिसायला हवी. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, म्हणजे आमच्याकडच्या ख्रिस्ती घराण्यांना या कामाचा दोनशे वर्षांचा सराव होत आला. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. मी स्वतः या विषयातला कुणी मोठा नाही. (हे वाक्य पाठ करून ठेवा. ते सुरुवातीलाच टाकायचं असतं.)

बसण्यापासून सुरू करू. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी बसू नका, खालच्या जागी बसा, म्हणजे यजमान येऊन तुम्हाला वर नेईल, असं प्रभूने सांगितलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात आहे. सबंध शास्त्रात आमच्या मंडळीने शब्दशः पाळलेला उतारा बहुधा हाच. दहाच्या उपासनेला पावणेदहालाच शेवटची बाकडी भरतात. पुढच्या तीन रांगा रिकाम्या, आणि पाळकसाहेब दर रविवारी वेदीपाशी उभे राहून ‘पुढे या, पुढे या’ करत असतात, एस.टी.च्या कंडक्टरसारखे. अशा वेळी उठायचं नाही. ‘सगळे पुढे या’ म्हटल्यावर उठणं म्हणजे गर्दीत हरवणं. छातीवर हात ठेवायचा, मान डावीकडे कलती करायची आणि नाव घेऊन बोलावेपर्यंत थांबायचं. मग उठायचं, तेही सावकाश. मधल्या वाटेने चालताना दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ मिळाला पाहिजे.

धोका एवढाच, की कुणी बोलावलंच नाही तर? मी सात महिने दाराजवळच्या बाकावर बसलो, चपलांच्या शेजारी. सात महिन्यांत एवढंच झालं की एका बाईंनी आत जाताना ओली छत्री माझ्याकडे सांभाळायला दिली, आणि पुढच्या रविवारी आणखी दोघींनी.

आमच्याकडे एक आजी आहेत. त्या सवादहाला येतात, पिशवी सांभाळत सरळ पहिल्या बाकावर जातात आणि मधोमध बसतात. त्यांना ऐकायला कमी येतं. बाकी कारण काही नाही. अशा माणसांकडून शिकण्यासारखं फार नसतं, पण पुढे त्या पुन्हा येतील म्हणून सांगून ठेवलं.

आता प्रार्थना. ‘शेवटची प्रार्थना अमुक बंधू करतील’ असं पाळकसाहेब म्हणाले की आधी दोन्ही हात हलवून नकार द्यायचा, शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं, आणि शेजारी उठायच्या आत आपण उठायचं. सुरुवात ‘थोडक्यात’ या शब्दाने करावी. मग स्वतःला खाली नेत जायचं: आम्ही माती, मातीतली धूळ, धुळीतला किडा. किड्याच्या खाली मराठीत फारसं काही उरत नाही. पण अनुभवी माणसं ‘किड्याच्याही पायाखालची धूळ’ म्हणत परत धुळीपाशी येतात आणि दुसरी फेरी सुरू करतात. बाहेर चहा निवत असतो. निवू द्या.

यातली खरी मेख मात्र ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे’ या चार शब्दांत आहे. प्रभू, तुला ठाऊकच आहे, काल रात्री साडेअकरापर्यंत मी सिव्हिल हॉस्पिटलात एका आजारी बंधूच्या उशाशी बसलो होतो. प्रभूला ठाऊक होतंच; मंडळीला नव्हतं, ते आता झालं. रिक्षाचे किती झाले तेही याच वाटेने कळवता येतं.

भाषा जड ठेवावी. या बाबतीत पंडिता रमाबाईंचा कित्ता चुकूनही गिरवू नका. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या, संस्कृत जिभेवर. अशी बाई केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकशी झटते, सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणते, आणि भाषा कोणती निवडते? तर खेड्यातल्या साध्या बाईला कळेल ती! पदव्यांची इतकी नासाडी दुसऱ्या कुणी केली नसेल. तुम्ही आपलं ‘अनुग्रहाच्या सिंहासनासमीप आम्ही पतित लीन होतो’ असंच म्हणा. कळलं नाही की लोक जास्त मान डोलावतात.

उपवासाचं फार सांगत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट म्हटलंय की उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. तेव्हा कळू द्यायचं नाहीच. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत कुणी चहाचा कप पुढे केला, तर फक्त ‘नको, आज जरा…’ एवढंच म्हणावं आणि वाक्य तिथंच सोडून द्यावं. उरलेलं वाक्य समोरचा पूर्ण करतो. तुम्ही काही सांगितलंच नाही.

पदवी हवीच, पण ती उलटी हवी. सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष योहान ‘वैश्विक’ असं बिरुद लावू लागला. रोमचा पोप पहिला ग्रेगरी याला ते भलतंच खुपलं. तो स्वतःला काय म्हणवायचा, तर ‘देवाच्या सेवकांचा सेवक’. चौदाशे वर्षं झाली, पोपच्या औपचारिक पत्रांवर अजून तेच शब्द असतात. ग्रेगरीच्या मनात काय होतं ते देव जाणे, पण युक्ती आमच्या फ्लेक्सवाल्यांना नेमकी कळली. मागे एका उज्जीवन सभेचा फ्लेक्स पाहिला. आठ फुटी फोटो, खाली ‘प्रभूचा निरुपयोगी दास’, त्याखाली ‘रेव्ह. डॉ.’, त्याखाली ‘संस्थापक-अध्यक्ष’. डॉक्टरेट कुठली ते विचारू नये. निरुपयोगी कसे ते तर मुळीच विचारू नये.

कमिटीची निवडणूक आली की शास्त्र नीट वाचावं. प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताला बसण्याची मागणी मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिष्य स्वतः करतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात तीच मागणी त्यांची आई करते. मी मत्तयाची पद्धत सुचवेन. आई नसेल तर सासू चालते. तुम्ही सभेत ‘मला पदाची हाव नाही’ म्हणत राहा, तिकडे त्या महिला मंडळात बोलतील. निवडून आलात तर ‘मंडळीचा आग्रह मोडवेना’ म्हणायचं. पडलात तर ‘प्रभूने ओझं हलकं केलं’ म्हणायचं आणि तीन रविवार घरी बसायचं.

पण नम्रतेची वार्षिक परीक्षा खरी असते ती पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याच्या विधीला. प्रभूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. आमच्या एका पाळकांनी एके वर्षी हा विधी सुरू करायचं ठरवलं. बारा जण निवडायचे होते. नावं आली सतरा. कमिटीची बैठक पावणेदोन तास चालली, कारण ज्यांची नावं कापायची त्यांना ‘प्रभूने तुम्हाला मोठ्या सेवेसाठी राखून ठेवलंय’ हे पटवून द्यावं लागत होतं. शेवटी बारा ठरले, तर बाराव्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना. बारावा म्हणजे प्रभूला धरून देणारा यहूदा, असं कुणीतरी बोलून गेलं होतं. पाळकसाहेबांनी खुर्च्या गोल मांडून तो प्रश्न सोडवला.

बाराजण आले ते घरून पाय घासून. एकाने टाचेला व्हॅसलिन लावलेलं, पाणी ठरत नव्हतं. कोमट पाणी, पितळी परात, नवे पंचे. पाळकसाहेबांचा गुडघा दुखरा, तरी बसले बिचारे. तिसऱ्या पायाला फोटोवाला म्हणाला, ‘साहेब, तो पाय परत एकदा घ्या, सावली आली.’ साहेबांनी पाय परत धुतला. ज्याचा पाय होता त्याने चेहऱ्यावर ‘प्रभू, तू माझे पाय धुणार?’ म्हणणाऱ्या पेत्राचा संकोच आणला, तोही परत एकदा.

हसू नका. याला मोठी परंपरा आहे. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी ३९ वर्षांची असताना तिने ग्रिनिचच्या राजवाड्यात ३९ गरीब बायकांचे पाय धुतले. जितकं वय तितक्या बायका, असा हिशोब. पण राणी येण्याआधी ते पाय तीनदा धुऊन झाले होते: आधी धोबीखात्याच्या माणसाने, कोमट पाण्याने आणि सुगंधी पाल्याने, मग दानधर्म खात्याच्या दुय्यम अधिकाऱ्याने, मग वरिष्ठाने. नम्रतेपर्यंत पोचताना मळ उरता कामा नये, हे राजघराण्याला बरोबर कळतं. पुढे तिथे पाय धुणंच बंद पडलं. आता राजाच्या वयाइतक्या बायकांना आणि तितक्याच पुरुषांना खास पाडलेली नाणी वाटतात, आणि कुणालाच गुडघे टेकावे लागत नाहीत.

हां, त्या आजी. बाराजणांत एक तरी स्त्री हवी म्हणून पाळकसाहेब स्वतः त्यांना विचारायला गेले होते. मोठ्याने, दोनदा विचारलं. आजी म्हणाल्या, ‘पाय? सकाळीच धुतलेत की!’ आणि विषय संपला. एवढी सुवर्णसंधी हातची गेली, आणि वर त्यांनी साहेबांनाच विचारलं, ‘तुमचा गुडघा कसाय?’

गुप्तदानाचंही असंच शास्त्र आहे, पण ते नगरकरांना शिकवायला नको. कापणीच्या सणाला लिलावात एका लिंबाला तीन हजारांची बोली लावायची आणि टाळ्या थांबल्या की हळूच म्हणायचं, ‘हे परत लिलावात घ्या.’ लिंबू परत टेबलावर जातं. त्याचा रस कुणाच्याच भाताला मिळत नाही.

तरुण संघाला मात्र वेळीच वळण लावावं. एकदा त्यांनी प्रभूच्या दृष्टांतातल्या परूशी (म्हणजे कर्मठ धार्मिक) आणि जकातदार यांचं नाटुकलं बसवलं. दोघे मंदिरात जातात, परूशी स्वतःची तारीफ सांगतो, जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ प्रत्येक पोराला जकातदारच व्हायचं होतं! परूशी व्हायला कुणी राजी नाही. शेवटी जो पोरगा सरावाला उशिरा आला त्याच्या गळ्यात परूशी पडला. प्रयोगाच्या दिवशी जकातदाराने ऊर असा बडवला की माइकमधून ढोलासारखा आवाज आला आणि दोन्ही बाजूंनी शिट्ट्या पडल्या. परूशी वाक्य विसरून खाली मान घालून उभा. कोण कोणाचं काम करत होतं, काही कळेना.

एक चाचणी सांगतो, शक्यतो घरी करू नका. मी केली. बायकोसमोर बसून गंभीरपणे म्हटलं, ‘माझ्यासारखा अहंकारी माणूस नसेल.’ ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘हो ना. आईंनाही तसंच वाटतं.’ पुढचा दीड तास मी तिला पुराव्यानिशी पटवून देत होतो की मी मुळीच अहंकारी नाही, आणि आईंचा संबंध काय. पालकाची भाजी करपली. त्याचाही दोष मी नम्रपणे तिच्याकडे दिला.

पाचव्या शतकात मार्सेच्या मठात जॉन कॅसियन नावाचा एक साधू होता. मिरवण्याचा रोग कांद्यासारखा आहे, असं जुने साधू म्हणत, हे त्याने लिहून ठेवलंय. एक पापुद्रा सोलावा तर खाली दुसरा, तो सोलावा तर तिसरा. नगर जिल्ह्यातल्या माणसाला कांद्याचं सांगायला फ्रान्सहून कुणी यायची गरज नव्हती, पण बिचाऱ्याने सांगितलंय तर ऐकून घेऊ. कपडे साधे केले की साधेपणाचा ताठा येतो. तो ताठा ओळखला की ओळखल्याचा येतो. मग माणूस त्यावर लेख लिहितो. लेखात ‘मी स्वतः कुणी मोठा नाही’ असं कंसासकट टाकतो, आणि चौथ्यांदा वाचताना त्याला आपलंच कौतुक वाटतं. इथवर मी पोचलोय. कांदा बराच मोठा आहे.

परवाच्या रविवारी शेवटची प्रार्थना माझ्याकडे आली. नाव घेऊन. मी हात हलवले, बोट दाखवलं, उठलो. ‘थोडक्यात’ म्हणालो. माती झाली, धूळ झाली, किडा झाला. सिव्हिल हॉस्पिटल झालं. दुसऱ्या फेरीत मी स्वतःला इतकं खाली नेलं की माझाच गळा दाटून आला आणि क्षणभर थांबलो. ती शांतता मी घरी तयार करून आणली होती, खोटं कशाला सांगू. सगळी मंडळी श्वास रोखून होती.

पहिल्या बाकावरून पिशवीचा कुरकुर आवाज आला. आजींनी शेजारणीकडे वळून, त्यांना कुजबूज वाटेल अशा आवाजात विचारलं, ‘झालं का त्यांचं?’

शेजारीण म्हणाली, ‘आमेन.’ आणि सगळी मंडळी तिच्यामागून म्हणाली.