मुशीला हाड नाही, म्हणून ती आपली खापरपणजी नव्हे

सकाळी नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर आठवडाभर एक पोस्ट फिरतेय. थोडक्यात तिचं म्हणणं असं: शार्क, म्हणजे आपली मुशी, कूर्चेची (नाकाच्या शेंड्यात असतो तशा लवचीक भागाची) असते आणि पहिले मासे असेच होते. पुढे आतल्या मणक्याला हाड आलं, सगळ्यात शेवटी अंगावर कवच चढलं. पोटातल्या बाळातही आधी कूर्चा, मग हाड, हा त्याचा पुरावा. आणि शार्क ४५ कोटी वर्षांत तसूभरही बदललेला नाही.

यातलं खरं ते आधी मान्य करतो. कूर्चा हाडापेक्षा जुनीच आहे. लॅम्प्रे नावाच्या जबडा नसलेल्या माशाला आजही हाड नाही. पण पुढचा सगळा क्रम उलटा लावलाय.

हाड आधी बाहेर आलं. बोलिव्हियात सापडलेला सकाबाम्बास्पिस घ्या. वीत-सव्वावीत लांबी, जबडा नाही, आणि डोक्यावर वर-खाली हाडाच्या मोठ्या ढाली. वय सुमारे ४५ कोटी वर्षं. पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे हा मासा त्याच्या जवळपास सातपट जुना. त्याच्या ढाली दगडात टिकल्या, आतला सांगाडा टिकला नाही, कारण तो मऊच होता. आतल्या कूर्चेवर हाडाचा पातळ थर चढलेले मासे पुढे कोट्यवधी वर्षांनी दिसतात. आधी चिलखत, मग कणा.

बाळाचा पुरावा तर पोस्टवरच उलटतो. मांडीचं हाड आधी कूर्चेचं असतं, कबूल. पण आजी ज्या टाळूवर तेल थापते तिच्याखाली कूर्चा नसते, पडदा असतो. कपाळाचं आणि टाळूभोवतीचं हाड थेट त्या पडद्यातच तयार होतं, गळ्याखालच्या हासळीचंही मुख्यतः तसंच. ही त्या जुन्या चिलखताचीच वारसदार हाडं. बाजारात कटल्याचं डोकं फोडताना कोयता ज्यावर आपटतो, तेही त्याच घराण्यातलं. गर्भात हाड दोन वाटांनी बनतं. पोस्टवाल्यांनी सोयीची एकच उचलली.

आता मुशी. जबडा असलेल्या जुन्या माशांत प्लॅकोडर्म नावाचे चिलखती मासे होते. त्यांतल्याच चीनमधल्या एन्टेलोग्नॅथसचं वर्णन २०१३ साली प्रसिद्ध झालं. वय सुमारे ४१.९ कोटी वर्षं, आणि जबड्यावर चक्क आजच्या हाडवाल्या माशांसारख्या पट्ट्या. २०२० मध्ये मंगोलियातला मिंजिनिया समोर आला, सुमारे ४१ कोटी वर्षांचा. त्याच्या कवटीच्या आत जाळीदार हाड निघालं. हे मासे शार्कच्या आधी फुटलेल्या फांदीवरचे. म्हणजे शार्कची फांदी फुटण्याआधीच हाड होतं, असंच यावरून दिसतं. शार्कच्या घराण्याने ते पुढे सोडलं. कूर्चेचा सांगाडा ही तिथे सुरुवात नाही, नंतरची काटछाट आहे. शिवाय तो नुसता मऊही नसतो, त्यावर कॅल्शियमच्या क्षारांच्या बारीक फरशा बसवलेल्या असतात. कधी अख्खी मुशी दिसली तर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवा. खरखरीत पॉलिश पेपर लागेल. ते काटे दातांच्याच घडणीचे आहेत, आत डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) आणि वर चकाकीचा कठीण थर. जुन्या चिलखताची एवढी खूण अजून अंगावर आहे.

‘तसूभरही बदल नाही’ याला दोन वाक्यं पुरेत. ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या, शार्कच्या घराण्यातल्या क्लॅडोसेलॅकीचं तोंड आजच्या बहुतेक शार्कसारखं नाकाखाली नव्हतं, डोक्याच्या पुढच्या टोकाला होतं. आणि अंगावर खवले जवळपास नव्हतेच.

राहता राहिला पोस्टसोबतचा फोटो. ‘आदिम शार्क’ म्हणून जो भयानक चेहरा लावलाय, तो डंक्लिओस्टियस आहे. शार्क नव्हे, प्लॅकोडर्म. फोटो जरा मोठा करून बघा, त्याच्या जबड्यात सुटे दात नाहीत. आहेत त्या हाडाच्या पात्या.