एका पाकिटाची तीन झाली, त्याबद्दल

ताई, नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, "मला दिसत नाही, मी टॉकबॅक लावून फोन वापरते. तुमच्या साइटवर शब्द कमी, इमोजींचा गोंगाट जास्त. एक पाकीट मालवणी मसाला हवा होता, तीन आली. ते सगळे इमोजी काढून टाका."

वाचून आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. रात्री दुकान बंद केल्यावर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय, चालू केला, स्क्रीनवर ओढणी टाकली आणि माझ्याच साइटवरून मसाला मागवायला बसले.

दिवाळीसाठी प्रत्येक नावाच्या दोन्ही बाजूंना पणत्या लावल्या होत्या. फोन सुरू झाला, "दिया लॅम्प, दिया लॅम्प, चकली भाजणी, दिया लॅम्प, दिया लॅम्प". पुढे मसाल्यापाशी "हॉट पेपर, हॉट पेपर, हॉट पेपर". हा गरम कागद कुठून आला? मग कळलं, या आपल्या तिखटाच्या मिरच्या! तीन म्हणजे जहाल, हे लिहिलेलं कुठेच नव्हतं. डोळस गिऱ्हाइकंही विचारायची म्हणा, "तीन, पण कितीपैकी?"

खरी गोची बटणांची. वस्तू पिशवीत टाकायच्या बटणावर ढकलगाडी, पिशवी बघायच्या बटणावरही तीच. दोन्हीकडे फोन "शॉपिंग कार्ट" एवढंच म्हणतो. मी पिशवी बघायला गेले की आणखी एक पाकीट आत. माझी चार झाली. तुमची तीन कशी झाली ते तेव्हा कळलं.

माल आहे की संपला हेही हिरव्या आणि लाल गोलावर सोडलं होतं. ते तुम्हाला निरुपयोगी, आणि ज्यांना हे दोन रंग सारखेच दिसतात त्यांनाही. याची मला जास्त लाज वाटली, कारण सुकट चटणीच्या पाकिटावर मांसाहाराची खूण मी रोज बघते. २०२० च्या लेबलच्या नियमांत तिथला गोल जाऊन त्रिकोण आला. रंग नाही कळला तरी आकार कळतो.

आता बटणांवर "पिशवीत टाका" आणि "पिशवी बघा" असं लिहिलंय. तिखटापुढे "जहाल", "मध्यम", "सौम्य". मालापुढे "शिल्लक आहे" किंवा "संपलं". साइट सांभाळणाऱ्या भाच्याने नुसत्या शोभेच्या चित्रांना एरिया-हिडन लावलं, म्हणजे टॉकबॅक ती वगळतो. व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये अशी सोय नाही, म्हणून तिथे एकच इमोजी, तोही शेवटी.

सगळे मात्र काढणार नाही. वाचायला अडखळणाऱ्या आज्या मिरचीचं चित्र बघून मसाला ओळखतात. चित्र राहील, पण शब्दाच्या बदल्यात नाही. पणत्यांचं म्हणाल तर प्रत्येक नावाला चार ही माझी हौस होती, आता वरच्या मथळ्यात एकच आहे. माझ्या आईच्या जुन्या फोनवर तर पणतीच्या जागी नुसता रिकामा चौकोन यायचा.

पैसे भरायचं पान दुसऱ्या कंपनीचं आहे, त्यात मला हात घालता येत नाही. तिथे अडलात तर दुकानात फोन करा, पैसे माल पोचल्यावर द्या.

जादाची दोन पाकिटं फोडली नसतील तर शुक्रवारी कुरिअरवाला न्यायला येईल, भाडं आमचं. फोडली असतील तर राहू द्या. दोन्हींचे पैसे आजच परत पाठवते.